भाजीला मानवणारी पिशवी शोधताना

आमच्या गटाची पावसाळी भाजी आता पॉलिथिनच्या पाकिटातून जात नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, उतरणीच्या जमिनीत आम्ही काही घरं मिळून भेंडी, दोडकी, काकडी, कारली आणि तांबडी भाजी (लाल माठ) करतो. पाऊस लागला की पेरणी, आणि श्रावणापासून चतुर्थीपर्यंत तोडणीची घाई. डिचोलीच्या बुधवारच्या आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जी भाजी जाते तिला पिशवीची गरज नसते. केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीनं, जुडी बांधायची, टोपलीत रचायची, झालं. पर्वरी-पणजीकडची दुकानं आणि घरपोच मागणी करणारी गिऱ्हाइकं यांची गोष्ट वेगळी. तिथं भाजी एक-दोन दिवस मांडणीवर राहते, मग कुणाच्या तरी फ्रिजमध्ये आणखी काही दिवस. तिला पाकीट लागतं. गटात भरणीचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे प्लास्टिकला पर्याय शोधायचं कामही माझ्याकडेच आलं. ते कसं झालं ते इथं सविस्तर लिहिते आहे, कारण आम्हाला हे सगळं एका ठिकाणी सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

कायद्याचा बडगा होता म्हणून आम्ही हे केलेलं नाही. १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून प्लास्टिकची हातपिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. भाजीचं पाकीट मात्र त्या बंदीच्या यादीत नाही. आम्हाला टोचत होतं ते दुसरंच. पूर ओसरला की वाळवंटी नदीच्या काठच्या झुडपांवर पिशव्या लटकलेल्या दिसतात, कितीतरी उंचीपर्यंत. शेतात नांगर फिरवताना मातीतून पॉलिथिनच्या चिंध्या निघतात. विषमुक्त भाजी म्हणून जी आम्ही विकतो ती अशा पिशवीत भरायची, हे गटातल्या बायकांना पटत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

सुरुवातीला मी पिशवी कुजते की नाही एवढंच विचारत होते. कामाला लागल्यावर कळलं की त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही पिशवी भाजीला मानवेल का?

तोडलेली भेंडी जिवंत असते. देठापासून सुटली तरी तिचा श्वास चालूच राहतो. ती ऑक्सिजन घेते, साठवलेली साखर जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून बंद टेम्पोत एकावर एक रचलेले क्रेट आतून गरम लागतात. भेंडीचा श्वास इतर बऱ्याच भाज्यांपेक्षा जोराचा, त्यामुळे ती लवकर निबर होते, लवकर काळी पडते. पाकीट बंद केलं की आतला ऑक्सिजन हळूहळू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि श्वास मंदावतो. पाकिटाचा खरा उपयोग हाच. पण ऑक्सिजन फारच घसरला तर भाजी आतल्या आत आंबू लागते, उघडल्यावर दारूसारखा वास येतो. आणि श्वासातून निघालेली वाफ बाहेर पडू शकली नाही तर तिचे थेंब होतात, थेंबांवर बुरशी धरते. म्हणजे एकाच फिल्मनं हवा बेतानं आत घ्यायची, वाफ बेतानं सोडायची आणि तरीही भाजी सुकू द्यायची नाही. साध्या पॉलिथिनलाही हे नीट जमत नाही. फक्त ते स्वस्त असतं, म्हणून आपण चालवून घेतो.

नमुने मागवले ते तीन जातींचे. पहिली पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल. मका किंवा ऊस यांसारख्या पिकांतली साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात आणि त्यापासून हे प्लास्टिक बनवतात. फिल्म काचेसारखी पारदर्शक, पण ताठ. हातात घेतली की कडकड वाजते. दुसरी पीबीएटी नावाचं मऊ प्लास्टिक, स्टार्च आणि पीएलए यांचं मिश्रण. ही मऊ, दुधी रंगाची, हाताला किंचित पावडर लावल्यासारखी. यातलं पीबीएटी खनिज तेलापासूनच येतं, तरीही कंपोस्टमधले सूक्ष्मजीव ते खाऊन संपवतात. तिसरी सेल्युलोजची फिल्म, लाकडाच्या लगद्यापासून केलेली. सेलोफेन म्हणून आपल्या आजोबांच्या काळापासून मिठाईच्या डब्यावर दिसत आलेली ती हीच. स्वित्झर्लंडच्या जॅक ब्रँडेनबर्गर यांनी १९०८ मध्ये ती शोधली. एवढी जुनी आणि कुजणारी वस्तू घरात असताना मधली सगळी वर्षं पॉलिथिनच का वाढलं, याचं उत्तर किंमत आणि ओलावा या दोन गोष्टींत आहे. सेल्युलोजला वरून लेप दिला नाही तर वाफ तिच्यातून सहज आरपार जाते.

नमुन्यांत एक चौथा गठ्ठाही आला होता. हिरवं पान छापलेला, इको वगैरे लिहिलेला, बाकीच्यांच्या मानानं फार स्वस्त. विक्रेता फोनवर छातीठोकपणे सांगत होता की जमिनीत टाकलं की माती होतं. पिशवीवर ना प्रमाणपत्राचा क्रमांक, ना उत्पादकाचं नाव. आपल्याकडे कंपोस्टेबल म्हणून हातपिशवी किंवा वस्तू विकायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि माल आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाला उतरावा लागतो. मी प्रमाणपत्राची प्रत मागितली तेव्हा उद्या पाठवतो म्हणाला. ती कधीच आली नाही.

अशा वेळी घरच्या घरी एक चाचणी होते आणि ती प्रत्येकानं करावी असं मला मनापासून वाटतं. फिल्मचा छोटा तुकडा कापायचा, पाण्याच्या पेल्यात टाकायचा, चमच्यानं दाबून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढायचे आणि सोडून द्यायचा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. पीएलए, पीबीएटी आणि सेल्युलोज पाण्यापेक्षा जड, ते बुडतात. त्या स्वस्त पिशवीचा तुकडा प्रत्येक वेळी वर येऊन तरंगायचा. बुडालं म्हणजे खरंच आहे असं मात्र समजू नये, कारण चुनखडीची पूड भरपूर घातलेलं पॉलिथिनही बुडू शकतं. पण तरंगलं तर मात्र खुशाल परत पाठवावं.

माझी मावसबहीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिनं प्रयोगशाळेत, वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात, डायक्लोरोमिथेन या द्रावकात तुकडे टाकून दाखवले. पीएलए बघता बघता विरघळलं. मिश्रणाची फिल्म विरघळून तळाशी स्टार्चचा पांढरा गाळ राहिला. तरंगणाऱ्या पिशवीचा तुकडा तसाच्या तसा बाहेर निघाला. ती म्हणाली, "ताई, हे ऑक्सो जातीचं असेल तर उन्हात चुरा होईल, पण चुरा प्लास्टिकचाच राहील." पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार घालून ते लवकर ठिसूळ करतात, त्याला ऑक्सो म्हणतात. युरोपीय संघानं असा माल २०२१ पासून बाजारात आणायलाच बंदी केली आहे. शेतात चिंध्या वेचता तरी येतात, चुरा कोण वेचणार?

मग भेंडीची पाळी आली. आमची भेंडी सात शिरांची, गोव्यातली खास, भौगोलिक मानांकन मिळालेली. लांब, फिकट हिरवी, शिजवली की मऊ. पण तिच्या सात शिरा म्हणजे घासली जायच्या सात जागा. शिरेवर नख लागलं तरी दुसऱ्या दिवशी तिथं काळी रेघ उठते. त्यात पावसाळ्यातली तोडणी, म्हणजे भाजी ओलीच हातात येते. काकी, आमच्या गटातल्या सर्वांत वडील, त्या भेंडी धुऊ देत नाहीत. गोणपाटावर एकेरी पसरायची, पंखा लावायचा, देठाकडचं पाणी पूर्ण सुकलं की मगच भरायची. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण भरणीच्या कामात मला याहून महत्त्वाचं काही सापडलं नाही. ओली भेंडी कुठल्याही फिल्ममध्ये घाला, ती सडणारच.

अडीचशे ग्रॅमची पाकिटं केली. काही पॉलिथिनची, काही पीएलएची, काही मिश्रणाची, आणि काही भेंडी उघड्या टोपलीत. रोज सकाळी तीच पाकिटं काट्यावर ठेवायची, वहीत वजन लिहायचं, एखादं उघडून वास घ्यायचा. बिनछिद्राच्या पॉलिथिनमध्ये पहिल्या रात्रीतच आतून घाम फुटला. थेंब शिरांच्या खोबणीत साचले आणि तिथूनच बुळबुळीत डाग सुरू झाले. वजन मात्र जेमतेम घटलं. उघड्या टोपलीतली भेंडी कोरडी राहिली, पण वाकवली तर मोडायची नाही, नुसती लवायची.

पीएलएनं मला चकित केलं. थेंब जवळजवळ नाहीत, दिसायला सगळ्यांत देखणं पाकीट. तिसऱ्या सकाळी कोपरा कापला तर आंबूस वास. बहिणीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. पीएलएमधून पाण्याची वाफ पॉलिथिनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त जाते, पण ऑक्सिजन पॉलिथिनपेक्षा बराच कमी आत येतो. म्हणजे घाम सुटत नाही आणि जीव मात्र घुसमटतो. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला यातलं काही कळणार नाही. पाकीट स्वच्छ, भाजी हिरवी, आणि आत ती गुदमरते आहे.

उपाय साधा निघाला. गोधडीची सुई गॅसवर तापवायची आणि पाकिटाला मोजकी बारीक छिद्रं पाडायची. थंड सुईनं भोक पाडलं तर पीएलए तिथून चिरत जातं, तापलेल्या सुईनं कड वितळून गोल बसते. छिद्रं किती हे भाजीवर, पाकिटाच्या आकारावर आणि तापमानावर ठरतं. एकीकडे आंबूस वास आणि दुसरीकडे सुकणं, या दोहोंच्या मध्ये जिथं भेंडी वाकवल्यावर टचकन मोडते तिथं थांबायचं. आम्ही तसंच थांबलो. ताठ पीएलएला देठाच्या टोकांनीही भोकं पडत, म्हणून शेवटी भेंडीसाठी मऊ मिश्रणाची फिल्म घेतली, छिद्रं पाडून. तिच्यातून वाफ सुटते, आणि भेंडी दाटीनं भरली तरी ती फाटत नाही.

यात दुकानाच्या फ्रिजनं एकदा आमचा घात केला. एका दुकानानं सगळी पाकिटं दुधाच्या शेजारी, तीन-चार अंशांच्या थंडीत ठेवली आणि भेंडीवर खोलगट तपकिरी डाग आले. त्यांनी फिल्मला दोष दिला. भेंडीला सात ते दहा अंश पुरतात, त्याखाली तिला थंडी बाधते. वांग्याला दहाच्या खाली बाधते, पिकायच्या आंब्याला आणि केळ्याला बारा-तेराच्या खाली. आता आम्ही क्रेटवर तापमानाची चिठ्ठी लावूनच माल देतो.

तांबडी भाजीनं मात्र फिल्मला जुमानलं नाही. पालेभाजीचं पान पातळ, पसारा मोठा, पाणी उडायला जागाच जागा. वजनाच्या तीन ते पाच टक्के पाणी गेलं की ती मान टाकते. पीएलएत ती दुसऱ्या दिवशी कोमेजली. मिश्रणातही फार वेगळं झालं नाही, कारण या दोन्ही फिल्म वाफ सोडणाऱ्या. पॉलिथिनमध्ये ती टवटवीत दिसायची आणि खालची पानं कुजायची. काकी बराच वेळ माझी धडपड बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाय, ह्या भाजीला कागद नको गो, पान दे." त्यांनी मुळांसकट जुडी घेतली, मुळांवरची माती झटकली, मुळांना ओलं फडकं गुंडाळलं, बाहेरून केळीचं पान आणि वर सोपट. ती जुडी संध्याकाळपर्यंत सकाळसारखीच राहिली. केळीच्या पानाचा वरचा मेणचट थर पाणी धरून ठेवतो आणि पानांच्या घडीतून हवा खेळते. आमच्याकडे अबोलीचे वळेसर (गजरे) केळीच्या पानात बांधतात ते याचसाठी.

हे लिहिताना मला एक मत ठामपणे मांडायचं आहे. सकाळी तोडलेली भाजी दुपारपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरी पोचणार असेल तर तिला कसलीच फिल्म घालू नये, कुजणारीसुद्धा नाही. चोर्ला घाटातून बेळगावची भाजी उतरते तिला लांबचा प्रवास असतो, तिची गोष्ट निराळी. गावठी भाजीचं बळ ती जवळची असण्यात आहे. पहाटेची तोडणी, सावली, ओलं फडकं, आणि क्रेट रचताना मध्ये हवेला जागा, एवढं पाळलं तर निम्म्याहून जास्त काम होतं. फिल्म येते ती त्याच्यानंतर.

मध्यंतरी गटातल्या मुलींना वाटलं, फिल्म आपणच का करू नये? कृती काही अवघड नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम टॅपिओकाचं स्टार्च, त्यात दीड ग्रॅमच्या आसपास ग्लिसरीन. मंद आचेवर ढवळत राहायचं. सत्तर-ऐंशी अंशांच्या दरम्यान दुधी पाणी एकदम पेजेसारखं दाट आणि पारदर्शक होतं. मग ते काचेवर किंवा स्टीलच्या परातीत पातळ ओतायचं आणि वाळवायचं. ग्लिसरीन घातलं नाही तर फिल्म पापुद्र्यासारखी मोडते, जास्त झालं तर चिकट होते. मार्चमध्ये केलेल्या फिल्म छान सुटून आल्या, उजेडाकडे धरल्या तर पलीकडचं दिसायचं. जुलैत त्याच प्रमाणात केलेल्या वाळेचनात. परातीत दोन दिवस ठेवून कडेला बुरशी आली, आणि जी सुटली ती हाताला चिकटायची. स्टार्चला पाणी प्रिय, आणि आपल्या पावसाळ्यात हवेतच एवढा ओलावा असतो की फिल्म तोच शोषून घेते. भाजी आहे पावसाळ्यात, आणि फिल्म चांगली होते उन्हाळ्यात. नुसत्या स्टार्चची फिल्म कोरड्या मुलखात, कोरड्या मालाला चालेल. इथं कारखान्यात दुसऱ्या पॉलिमरशी मिसळून केलेलीच घ्यावी लागते. तरी त्या परातीपाशी मुली जेवढं शिकल्या तेवढं मला समजावून सांगता आलं नसतं.

दुसरी वाट कायटोसानची. कोळंबीच्या सालींतून कायटिन काढून त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. एक टक्का ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात ते विरघळतं, त्यात फळ बुडवून वाळवलं की फळावर डोळ्यांना न दिसणारा लेप बसतो. तो श्वास मंदावतो आणि बुरशीलाही आवरतो. गोव्यासारख्या ठिकाणी कोळंबीची सालं काही कमी नाहीत, म्हणून ही कल्पना ऐकताच सगळ्यांचे डोळे चमकले. मे महिन्यात काही मानकुराद आंब्यांना लेप देऊन पाहिला. लेप पातळ बसला ती फळं उशिरा पिकली आणि देठाजवळचे काळे डाग कमी आले. जिथं लेप दाट बसला तिथं साल हिरवीच राहिली आणि आतला गर पिकला, तोही एका बाजूनं.

पण आम्हाला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी घरं सोमवारी शिवराक (शाकाहारी), श्रावण तर महिनाभर पाळणारी. चतुर्थीला आमची काकडी, भेंडी, दोडकी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधली जाते, देवासमोर. कोळंबीच्या सालीचा लेप असलेलं फळ त्यांना न सांगता द्यायचं, हे कुणालाच मान्य नव्हतं, आणि सांगितलं तर ते घेणार नाहीत. कवच असलेल्या मासळीची ॲलर्जी असणाऱ्यांचाही विचार करायला हवा. बुरशीपासूनही कायटोसान काढता येतं. ते आपल्याला परवडणाऱ्या दरात मिळेल तेव्हा हा विषय पुन्हा उघडू, असं बैठकीत ठरलं. तंत्रज्ञान कितीही चांगलं असलं तरी ते कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार आहे याची चौकशी आधी व्हायलाच हवी.

आता कुजण्याबद्दल. फिल्म आणताना सगळ्यांची समजूत अशी की परसात टाकली की महिन्याभरात माती. मानकाच्या भाषेत कंपोस्टेबल म्हणजे औद्योगिक कंपोस्टमध्ये, ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत, बारा आठवड्यांत तिचे तुकडे होऊन दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त राहता कामा नयेत, आणि तिच्यातल्या कार्बनपैकी नव्वद टक्के १८० दिवसांत कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जायला हवा. परसातला ढीग तेवढा गरम होतो का? आम्ही शेण, सुका पाला आणि भाजीचा कचरा यांचा ढीग रचला, मध्ये तिन्ही फिल्मचे तुकडे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून ठेवले आणि लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला. पहिल्या आठवड्यात ढीग खरोखर तापला, हात घालवत नव्हता. मग पाऊस आत झिरपला आणि तो थंड पडला.

दसऱ्यानंतर ढीग उकरला. सेल्युलोजचं नावनिशाण नव्हतं, जाळीत फक्त काळी माती. मिश्रणाच्या फिल्मला मोठाली भोकं पडलेली, बोटात धरली की ओल्या वर्तमानपत्रासारखी सुटायची. पीएलएचा तुकडा मात्र जवळजवळ अखंड. पांढरट पडलेला, वाकवला तर मोडणारा, पण त्यावर जांभळीच्या पानाचा शिरांसकट ठसा दिसत होता. तो हातात धरून मी गटाला दाखवला, कारण आम्ही गिऱ्हाइकांना काय सांगतो ते या तुकड्यावर अवलंबून होतं. पीएलए मऊ पडायला पंचावन्न-साठ अंश लागतात. त्याखाली पाणी आणि सूक्ष्मजीव त्याला फार सावकाश तोडतात. साध्या मातीत ते वर्षानुवर्षं राहू शकतं. नदीत पडलं तर वाळवंटीच्या काठी तेही लटकलेलं दिसेल.

म्हणून पाकिटावर आम्ही "मातीत मिसळते" असं लिहीत नाही. चिठ्ठीवर लिहितो: हे पाकीट प्लास्टिकच्या बाटल्यांबरोबर देऊ नका, उघड्यावर टाकू नका, आमच्याकडे परत द्या. बाटल्यांच्या ढिगात पीएलए मिसळलं तर पुनर्वापराचा सगळा माल बिघडतो. कचरा गोळा करणारे भाऊ येतात त्यांना ही पिशवी आणि साधी पिशवी यांतला फरक दिसणार तरी कसा? गिऱ्हाईक ओल्या कचऱ्यात टाकतं, ते प्लास्टिक म्हणून बाजूला काढतात. त्यांची त्यात काहीच चूक नाही. आम्ही रिकामी पाकिटं टेम्पोतून परत आणतो आणि मोठ्या, ताडपत्रीनं झाकलेल्या ढिगात घालतो. तो ढीग पुरुषभर रुंद ठेवला की आतली ऊब टिकते. परत येणारी पाकिटं अजून कमी आहेत, पण पर्वरीच्या एका सोसायटीतल्या आजी दर आठवड्याला सगळ्या शेजाऱ्यांची गोळा करून, धुऊन, वाळवून देतात. धुवायची गरज नाही असं सांगूनही त्या ऐकत नाहीत.

पैशांचं बोलायचं तर आम्हाला मिळालेले दर पॉलिथिनच्या दुपटी-तिपटीच्या घरात होते. सीलिंग मशीनची आच कमी करावी लागली. पॉलिथिनला लावतो तेवढी दिली की पीएलए आक्रसून जायचं. रोल उघडे ठेवता येत नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेची उष्णता आणि पाठोपाठ जूनचा ओलावा, दोन्ही त्यांना बाधतात. आम्ही ते झाकणाच्या पिंपात ठेवतो आणि एका हंगामापुरतेच मागवतो. दुकानदारांनी आधी कुरकुर केली. मग फेकावा लागणारा माल कमी झाला तेव्हा त्यांनीच पुढच्या क्रेटची मागणी वाढवली. सगळ्यांनी नाही. एकानं सरळ सांगितलं की त्याला पारदर्शक पाकीटच हवं, दुधी फिल्ममधली भाजी लोक उचलत नाहीत. त्याला आम्ही भाजी उघड्या क्रेटमधून देतो.

सध्याची व्यवस्था अशी: भेंडी आणि कारली छिद्रांच्या मऊ फिल्ममध्ये, काकडी आणि दोडकी उघडी, तांबडी भाजी केळीच्या पानात. पुढच्या हंगामात अळसांदे (चवळी) भरून पाहायचे आहेत. त्यांच्या शेंगा भेंडीएवढ्या नाजूक नाहीत, पण लवकर सुकतात, त्यामुळे छिद्रं कमी लागतील असा अंदाज आहे. सुई काकींकडेच राहील. त्यांचा हात स्थिर आहे आणि गॅसवर ती किती वेळ धरायची हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.